पट वाढवताना ओलांडलेली घरं : सीमाभागातील मराठी शाळांच्या एसडीएमसींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक,
सरकारी मराठी प्राथमिक शाळा व त्यांच्या एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समित्या),
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि अथणी तालुके

(माहितीसाठी : उपनिर्देशक, सार्वजनिक शिक्षण खाते, बेळगाव व चिक्कोडी)

स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की तुम्ही पट टिकवण्यासाठी घरोघर फिरता. हातात पत्रकं असतात, मातृभाषेतून का शिकावं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि कुणी पोराला इंग्रजी माध्यमात घालणार असेल तर त्याच्या सोप्यात तासभर बसून तुम्ही त्याची समजूत घालता. हे काम मोलाचं आहे. आठ-दहा मुलांवर आलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि अशी शाळा एकदा बंद पडली की परत उघडत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण याच फेरीत तुम्ही काही घरं ओलांडून पुढं जाता. त्या घरात सहा-सात वर्षांचं मूल आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्याला ऐकू येत नाही, किंवा ते चालत नाही, किंवा गावाच्या तोंडी ते ‘जरा कमी’ आहे. तिथं कुणी पत्रक देत नाही.

मी त्यातल्याच एका घरातली. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ मध्ये आणि देशातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये. माझी पिढी त्याच्या फार आधीची. गावची शाळा तेव्हा देवळात भरायची. देवळाला एकच पायरी, तीही बुटकी, त्यामुळं मी हातावर सरकत आत जाऊ शकत होते. मग नवी इमारत झाली. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच बांधलं, पुढं पाच दगडी पायऱ्या आल्या. गावानं नारळ फोडला आणि माझी शाळा अवघड झाली. तेव्हाच्या गुरुजींनी वडिलांना सरळ सांगितलं, “कशाला एवढा खटाटोप करताय? घरात बसू दे की तिला. शिवण शिकवा.” ते दुष्ट नव्हते. त्या काळच्या कायद्याचं म्हणणंही साधारण तेच होतं, एवढं मला पुढं वाचताना कळलं.

आपल्या शेजारी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी तसाच कायदा आणला. या दोन्ही गोष्टी आपण अभिमानानं सांगतो. त्यानंतर आलेल्या, स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांनी केलेल्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत मात्र एक पळवाट असे : मूल शाळेत न पाठवण्याची जी रास्त कारणं मानली जात, त्यांत आजारपणाबरोबर शारीरिक किंवा मानसिक व्यंगही असे. म्हणजे धडधाकट मूल घरी ठेवलं तर बाप गुन्हेगार आणि पांगळं मूल घरी ठेवलं तर कुणी विचारायला यायचं नाही. जनगणनाही आम्हाला विसरली. १९४१ ते १९७१ या काळातल्या जनगणनांत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता, १९८१ ला तो आला, १९९१ ला पुन्हा गेला. ज्यांची मोजदादच नाही, त्यांच्यासाठी खोल्या आणि शिक्षक कुठून मंजूर होणार?

१९५६ च्या नोव्हेंबरात आपलं राज्य बदललं. त्यावर मी इथं काही लिहीत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सोसलं आहे. एवढंच सांगते की मुंबई राज्य गेलं आणि म्हैसूर राज्य आलं, तरी पांगळ्या पोरीच्या बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत होतं.

दिल्लीत मात्र काही हालत होतं. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात अपंग मुलांना शक्य तिथं सर्वसाधारण शाळेतच शिकवावं असं सुचवलं. १९७४ मध्ये केंद्रानं त्यासाठी योजना काढली. मग आलं १९८६. हे साल तुम्हाला कशासाठी आठवतं ते मला माहीत आहे. कन्नड सक्तीच्या विरोधात जून महिन्यात आपली माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, आणि दर १ जूनला आपण हिंडलग्याच्या स्मारकावर जमतो. त्याच वर्षी, त्याच्या महिनाभर आधी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं होतं. त्यात लिहिलं होतं की हातापायांचं किंवा सौम्य स्वरूपाचं अपंगत्व असलेल्या मुलांचं शिक्षण शक्य तिथं इतर मुलांबरोबर व्हावं, आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह खास शाळा असाव्यात. एका भाषेच्या मुलांवर दुसरी भाषा लादू नये म्हणून आपण जीव दिले ते साल आणि ज्या मुलांना कुठल्याच भाषेत शिकवलं जात नव्हतं त्यांच्यासाठी सरकारी कागदावर दार किलकिलं झालं ते साल एकच. पहिली गोष्ट गावागावांत पोचली. दुसरी पोचवायला कुणी नव्हतं.

त्यानंतरचे कायदे भराभर सांगते, कारण ते मोबाईलवरही सापडतात. १९९५ च्या कायद्यानं अपंग मुलाला १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानात एकाही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही असं धोरण आलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातल्या ‘वंचित घटका’च्या व्याख्येत अपंग मुलं आधी नव्हतीच, ती २०१२ च्या दुरुस्तीनं आली. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यानं अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि अभ्यास-अक्षमता, स्वमग्नता यांनाही नाव दिलं.

एवढे कायदे होऊनही २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी ६१ टक्केच शिकत होती. साधारण २७ टक्के मुलं शाळेत कधी गेलीच नव्हती.

आता आपल्या भागाविषयी, कारण इथं या सगळ्याला आणखी एक पीळ आहे.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गावातलं मराठी घर डोळ्यासमोर आणा. मूल जन्मापासून बहिरं आहे. गावातली मराठी शाळा म्हणते, आमच्याकडं सोय नाही, बेळगावला मूकबधिरांच्या शाळेत घाला. तिथं माध्यम कन्नड. मूल सहाव्या-सातव्या वर्षी वसतिगृहात जातं, खुणा शिकतं, कन्नड लिपी शिकतं, चार अक्षरं लिहू लागतं. दिवाळीला घरी येतं तेव्हा आईला खुणा येत नाहीत आणि मुलाला देवनागरी येत नाही. ऐकू येणारं मूल निदान कानावर पडून दोन भाषा उचलतं. हे मूल आईला चिठ्ठीसुद्धा लिहू शकत नाही. मी यात त्या शाळेला दोष देत नाही, तिथले शिक्षक त्यांच्या परीनं राबतात. ज्यांना परवडतं ते पोराला गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरजेकडं नेतात. मग दाखला एका राज्याचा आणि शाळा दुसऱ्या राज्याची, म्हणून प्रत्येक सवलतीसाठी दोन्हीकडच्या कचेऱ्यांत हेलपाटे. महाराष्ट्रात यावीत अशी आपली मागणी असलेल्या ८६५ गावांचा आकडा आपण भाषणात घेतो. त्या गावांतली किती बहिरी मुलं आईशी बोलू शकतात, हे कुठल्या भाषणात मी ऐकलेलं नाही.

२०१६ च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं की अंध आणि बहिऱ्या मुलांना त्यांच्यासाठी सर्वात योग्य अशा भाषेत आणि योग्य अशा संवादपद्धतीनं शिकवलं पाहिजे. राज्यघटनेचं ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. प्रत्येक निवेदनात तुम्ही त्याचा दाखला देता. ही दोन कलमं एकाच अर्जात शेजारी शेजारी लिहून कुणी साहेबांच्या टेबलावर ठेवली आहेत का? माझ्या पाहण्यात तरी नाहीत.

अंध मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ऐकून तुम्हाला हसू येईल. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये देशातल्या भाषांना एकच ठिपक्यांची पद्धत आहे. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ म्हणजे बोटाखाली तेच दोन ठिपके, पहिला आणि तिसरा. आपल्या शहरात पाट्यांवरच्या अक्षरांना काळं फासण्यात दोन्हीकडच्या पिढ्या गेल्या. आंधळ्या पोराच्या पाटीवर तो वाद शिल्लकच राहत नाही. म्हणजे ब्रेल जाणणारा कन्नड शिक्षकही मराठी मुलाला अक्षरओळख करून देऊ शकतो. शब्द आणि अर्थ शिकवायला मराठी जाणणारा माणूस लागतो, आणि त्याला ब्रेल शिकवून तयार करणं काही वर्षांचं काम नाही.

सगळ्यात मोठी संख्या मात्र ज्यांचं व्यंग दिसत नाही त्यांची असते. डिस्लेक्सिया असलेलं मूल एका लिपीत अडखळतं. आपल्या मराठी शाळेतल्या मुलापुढं देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या येतात. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार सर्व शाळांत कन्नड आहेच, इंग्रजीही आहे, आणि पुढं हिंदी. हुशार मूलही दमतं. जे मूल ‘ब’ आणि ‘व’ मध्ये गोंधळतं, त्याचं काय होत असेल ते तुमच्यापैकी प्रत्येक शिक्षकानं पाहिलं आहे, फक्त त्याला ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं नाव दिलं आहे. २०१६ च्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये अशा मुलांसाठी परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, असं स्पष्ट लिहिलं आहे. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मंडळाकडंही विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सवलती आहेत. पण त्यासाठी मुलाची तपासणी वेळेत व्हावी लागते, प्रमाणपत्र लागतं, आणि अर्ज शाळेनं पुढं पाठवावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून ते होत नाही. आपल्याकडं त्यात आणखी एक भीती मिसळलेली असते. एका मुख्याध्यापकांनी मला खासगीत सांगितलं, “बाई, मराठी शाळेनं कन्नडमधून सूट मागितली तर वरचे म्हणणार, बघा, ह्यांनी नवी वाट काढली.” ही भीती खोटी नाही. म्हणून दोन्ही बाजूंना सांगते, या मुलांच्या खांद्यावर सीमाप्रश्नाची बंदूक ठेवू नका. अधिकाऱ्यांनी सूट मागणाऱ्या अर्जात कन्नडद्वेष शोधू नये, आणि आपल्या पुढाऱ्यांनी त्यात आंदोलनाचा मुद्दा शोधू नये. अर्ज मुलाचा आहे. तो डॉक्टरांच्या कागदावर चालावा.

पट टिकवायचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्टही बोलते. काही शाळांत अपंग मुलाचं नाव हजेरीपत्रकात असतं. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा कागदोपत्री तिसरीत आहे. शाळेचा उंबरा त्यानं पाहिलेला नाही. त्याच्या नावापुढं ‘गृहाधारित शिक्षण’ लिहिलं की सगळ्यांची जबाबदारी संपते. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं घरी शिकण्याचा पर्याय दिला तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना, आणि तो त्यांनी निवडायचा आहे. शाळेनं तो त्यांच्या गळ्यात बांधायचा नाही. ज्या मुलाला फक्त एक रॅम्प आणि एक मोठ्या अक्षरांचं पुस्तक पुरलं असतं, त्याला घरी बसवून आपण त्याच्या नावावर पट टिकवतो आहोत.

रॅम्पवरून आठवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात अडथळामुक्त इमारत ही शाळेची अट आहे, म्हणून रॅम्प बहुतेक ठिकाणी झाले. मी वापरून पाहिलेले कितीतरी रॅम्प इतके उभे आहेत की खाली येताना माझी चाकाची गाडी स्वतःच पळते, आणि काहींच्या वरच्या टोकाला पुन्हा एक पायरी आहे! कंत्राटदाराला कुणी विचारलं नसणार हे कुणासाठी बांधतोस. अपंगांसाठीच्या शौचालयाला कुलूप असतं, किल्ली विचारली की ती स्वयंपाकघरात सापडते, कारण आत तांदळाची पोती ठेवलेली असतात.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. दोन शिक्षकी शाळा, त्यातले एक अतिथी शिक्षक, महिन्यातले काही दिवस प्रशिक्षण आणि सर्वेक्षणात जातात. त्यात हे एक मूल कुठं सांभाळायचं, असं तुम्ही विचारता. पण पहिली ते तिसरीला तुमच्याकडं नली-कली ही शिकवण्याची पद्धत आहे. तिची सगळी मांडणीच अशी की प्रत्येक मुलानं शिडीवर आपल्या गतीनं चढायचं, कुणी पाचव्या पायरीवर, कुणी पंधराव्या, आणि त्यात लाज नाही. संथ शिकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा सोयीची पद्धत देशात फार ठिकाणी नाही. ती रोज चालवणारे तुम्हीच “हे पोर मागं पडतंय” म्हणून पालकांना बोलावता, तेव्हा मला नवल वाटतं.

विशेष शिक्षकांविषयी तर आता कायदा तुमच्या बाजूनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्रानं ते जाहीर केलं : प्राथमिकला दहा अपंग मुलांमागं एक, वरच्या प्राथमिकला पंधरामागं एक. आपल्या तालुक्यांत हे काम तालुका संसाधन केंद्रातले बीआयईआरटी, म्हणजे समावेशक शिक्षणाचे फिरते शिक्षक, करतात. मोजके लोक, अख्खा तालुका, आणि खानापूरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात अर्धी गावं तुटलेली. त्यात त्यांना मराठी येत नसेल तर घरी जाऊन ते आईशी काय बोलणार? मुलाला खुर्चीत कसं बसवायचं, ओठांकडं बघायला कसं शिकवायचं, हे समजावणं म्हणजे सगळी भाषाच आहे. तपासणीच्या शिबिरातही तेच होतं. मुलाची बुद्धी मापायचे प्रश्न कन्नडमध्ये विचारले जातात, मूल गप्प राहतं, आणि कागदावर त्याची बुद्धी आहे त्याहून कमी लिहिली जाते. हा अन्याय मी स्वतः दोनदा माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्या दोन मुलींतल्या एकीला पुढं नुसता चष्मा लागला.

तुमच्या हातात लगेच काय आहे ते लिहिते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ म्हणतं की शाळेच्या समितीत वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. अपंग मुलं त्या घटकात आहेत. म्हणजे ज्या शाळेत असं मूल आहे तिथं त्याची आई किंवा बाप समितीत बसण्याचा दावा करू शकतो. किती एसडीएमसींत असा पालक आहे, हे मी ओळखीच्या गावांत विचारलं, तर बहुतेक ठिकाणी समोरच्याला प्रश्नच कळला नाही. नव्या समितीची निवड होईल तेव्हा ही जागा आधी भरा, मग बाकीचं राजकारण करा. त्याआधी गावातल्या सगळ्या मुलांची एक यादी करा, घरात झाकून ठेवलेल्यांसकट. ग्रामपंचायतीत ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याच्याकडं नावं असतात. तो तुमच्या शाळेत कधी आला आहे का ते विचारा. ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं मराठी जाणणाऱ्या बीआयईआरटीची लेखी मागणी करा, शिबिरात दुभाषा मागा, आणि कलम १७ च्या सवलतींचं परिपत्रक मराठीत छापून प्रत्येक वर्गात लावा. उपनिर्देशक साहेबांनी हे पत्र वाचलंच, तर त्यांना एवढीच विनंती की असा अर्ज आला की त्यावरची भाषा बघून बाजूला ठेवू नये.

मराठी भाषिकांच्या संघटनांनाही सांगायचं आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी तीनचाकीवरून आलेली आहे आणि यापुढंही येईन. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क हा आपला मुद्दा न्याय्य आहे असं मी मानते. तो हक्क बहिऱ्या, आंधळ्या, मंद शिकणाऱ्या मराठी मुलालाही आहे, हे पुढच्या निवेदनात एका ओळीत लिहा. ती ओळ कन्नड मुलांच्या आयांनाही उपयोगी पडेल, कारण सीमेपलीकडं महाराष्ट्रात राहणाऱ्या कन्नड घरांतल्या बहिऱ्या मुलांचं दुखणं याहून वेगळं नाही.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात माझ्या तालुक्यातल्या काही एसडीएमसींच्या बैठकांना यायचं मी ठरवलं आहे. माझ्याबरोबर आणखी काही पालक आणि त्यांची मुलं असतील, त्यात दोन गाड्या आणि एक कुबड्यांची जोडी आहे. तारीख दोन आठवडे आधी कळवा, आणि बैठक वरच्या मजल्यावर ठेवू नका.

आपली,
मराठी शाळेची एक माजी विद्यार्थिनी,
खानापूर तालुका